डोंगरांच्या भिंती आणि बंद समुद्र : एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून सातारा-सांगलीकडच्या शिक्षकांच्या आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : प्राचीन संस्कृती निसर्गाने घातलेल्या भिंतींच्या आत, एकमेकींपासून पूर्ण अलग वाढल्या. हिमालय आणि हिंदुकुश यांनी भारताला उत्तरेकडून बंद केले. उरलेल्या बाजू समुद्राने बंद केल्या आणि तो मार्ग १४९८ मध्ये वास्को द गामाने प्रथम उघडला. इजिप्तला वाळवंटाने कोंडले. सह्याद्रीने देश आणि कोकण यांची ताटातूट केली, त्यामुळे कृष्णाकाठ तर जगापासून दुहेरी तुटलेला होता. म्हणून आपल्याकडचे जे जे जुने, अगदी ताटातल्या भाकरीपर्यंत, ते सारे इथल्याच मातीत उगवलेले आहे; आणि या सगळ्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे अमेरिका, जिचा कोलंबसापर्यंत कोणाला पत्ताच नव्हता.

हा मजकूर पटतो याचे कारण उघड आहे. शाळेच्या भिंतीवरच्या प्राकृतिक नकाशात डोंगर गडद तपकिरी आणि समुद्र निळा रंगवलेला असतो. त्याकडे पाहत राहिले की तपकिरी म्हणजे तटबंदी आणि निळे म्हणजे खंदक असे वाटू लागते. त्या नकाशात वाऱ्याची दिशा नसते, खिंडी दिसत नाहीत, बर्फ कोणत्या महिन्यात वितळते ते कळत नाही आणि बैलाच्या पाठीवर किती ओझे बसते हेही कळत नाही. प्राचीन काळी कोण कोणाला भेटले हे मात्र बरेचसे याच गोष्टींवर ठरत होते. अडथळे खोटे होते असे मला म्हणायचे नाही. संपर्क व्हायचा की नाही हे त्यांनी क्वचितच ठरवले. तो कुठून, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, कोणत्या मालाचा आणि कोणाच्या हातून व्हायचा हे त्यांनी ठरवले, इतकेच मला दाखवायचे आहे.

सह्याद्रीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो घराजवळचा आहे आणि त्याचा पुरावा पाहायला फार लांब जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात तळा-मांदाडजवळ, राजपुरी खाडीच्या वरच्या टोकाशी कुडे येथे बौद्ध लेणी आहेत. तिथल्या दात्यांच्या लेखांत माळी आहे, वैद्य आहे, तांडे घेऊन जाणारा सार्थवाह आहे, आणि महिक नावाचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. हा महिक स्वतःचे गाव करहाकड असे सांगतो. हे गाव म्हणजे आजचे कराड, असे अभ्यासक मानतात. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या पेठेतला एक लोखंडवाला इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत सह्याद्री उतरून खाडीकाठी पोचतो, तिथे त्याच्याकडे लेणे कोरवून देण्याइतका पैसा असतो, आणि दात्यांच्या पंगतीत तो कोणाला उपरा वाटत नाही. लेणे देणारा माणूस त्या ठिकाणी एकदाच चुकून आलेला नसतो. त्याची तिथे ये-जा असते, उधारी-उसनवारी असते, ओळखीचे लोक असतात. ‘ताटातूट’ झालेल्या दोन प्रदेशांत हे घडत नाही.

कराडची ओळख कोकणापुरतीच होती असेही नाही. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात भरहुतचा स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्याचा मोठा भाग आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्या कठड्यावर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतल्या लेखांत, करहकट येथील निगमाने म्हणजे तिथल्या व्यापारी पेठेने मिळून दिलेल्या दानाची नोंद आहे. कराडपासून भरहुत सरळ रेषेत मोजले तरी हजार किलोमीटरच्या आसपास भरते. मध्ये भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा आणि सातपुडा-विंध्याच्या रांगा येतात. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात आगाशिवाची साठाहून अधिक लेणी आहेत, ती सहलीला जाणाऱ्या मुलांना दाखवली जातात आणि वरून संगम किती छान दिसतो तेही सांगितले जाते. त्याच काळातल्या कराडकरांची नावे घाटाखाली आणि विंध्यापलीकडे दगडावर कोरलेली आहेत, हेही त्याच सहलीत सांगता येईल.

सह्याद्री ओलांडणे सोपे होते का? नव्हते. जेठ लागला की घाटवाटा निसरड्या होतात, ओढे फुगतात, दरडी कोसळतात. डांबरी रस्ता झाल्यावरही कुंभार्ली आणि आंबेनळी घाट पावसाळ्यात अधूनमधून बंद पडतातच. गाड्या चालवण्याजोगी वाट जुन्या काळी जवळजवळ नव्हती, त्यामुळे माल पाठीवर गोणी लादलेल्या बैलांवरून जायचा आणि एका बैलावर साधारण शंभर किलोच्या आसपासच ओझे बसायचे. पण या अडचणीचा परिणाम काय झाला ते पाहावे. वाहतूक संपली नाही, ती ठरावीक खिंडींत गोळा झाली. आणि वाहतूक जिथे गोळा होते तिथे तिच्यावर हुकमत चालवणारेही येतात. जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांनी लेणे खोदले आणि त्यात राणी नागनिकेचा मोठा लेख कोरवला, तो निर्जन डोंगर सजवण्यासाठी नव्हे. येणारा-जाणारा प्रत्येक तांडा तिथून जाणार हे त्यांना माहीत होते. त्याच जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दात्यांचे लेख आहेत : इरिल, चित आणि चंद. पहिल्याने पाण्याची टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप, तिसऱ्याने लेण्याचा दर्शनी भाग. पश्चिमेकडून आलेले किंवा त्यांच्या वंशातले हे लोक घाटमाथ्यावरच्या शहरात बौद्ध संघाला दान देत होते, आणि त्यांच्या नावांना तोवर चांगले देशी वळण लागलेले दिसते.

आणखी एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेली नाही. अडथळा दोन्ही बाजूंचे हवामान वेगळे करतो, हवामान पीक वेगळे करते, आणि पीक वेगळे झाले की देवाणघेवाणीची गरज वाढते. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपासच. घाटाखाली भात, नारळ, मासे आणि मीठ. घाटावर ज्वारी, कडधान्ये, कापूस, तेलबिया. यांतले मीठ तर देशावर पिकतच नाही. त्यासाठी कोणाला तरी घाट चढावाच लागला. दोन्हीकडे सारखेच पिकले असते तर सह्याद्री ओलांडण्याची तसदी कदाचित फार थोड्यांनी घेतली असती.

परदेशी वस्तू कृष्णेच्या खोऱ्यात कधी आलीच नाही, हे विधान तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात गेले की संपते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात ब्राँझच्या रोमन वस्तूंचा साठा मिळाला. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती प्रसिद्ध आहे. वीतभर उंचीच्या आसपासची, अंगावर वस्त्र नसलेली, एक हात उंचावलेली ही मूर्ती भूमध्य समुद्राकडच्या घडणीची आहे, आणि पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेलाच मिळते. समुद्रदेवाला घाट चढवून इतक्या आत आणण्याची कोणाला काय गरज वाटली असेल, हे कुतूहल मला नेहमी वाटते. पण तो आला, एवढे नक्की.

आता समुद्राकडे वळू. १४९८ मध्ये वास्को द गामाने मार्ग ‘उघडला’, हे वाक्य इतक्या वेळा छापले गेले आहे की ते तपासावेसे कोणाला वाटत नाही. त्याने युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून येणारी वाट जोडली, हे खरे. अरबी समुद्र मात्र त्याने उघडला नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्याने हा समुद्र जाणणारा वाटाड्या घेतला, एप्रिल १४९८ च्या अखेरीस निघून तो सुमारे तेवीस दिवसांत कालिकतजवळ पोचला. परतताना त्याने वाऱ्याची वाट न पाहता ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच जहाजे हाकली. तोच समुद्र, तीच जहाजे, तेच खलाशी. पण आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले, हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्हीने माणसे मेली आणि पुढे हात कमी पडले म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले. अरबी समुद्राचे स्वरूप या दोन फेऱ्यांत पूर्ण दिसते. तो वर्षातून काही महिने खुला असतो, काही महिने अंगावर येतो, आणि कोणत्या महिन्यात काय करायचे हे जाणणारे लोक त्याच्या काठावर गामाच्या आधी कित्येक शतके राहत होते.

किती आधी? मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन, ज्याचा काळ इ.स.पू. २३०० च्या सुमाराचा, आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मेलुहा, मगान (आजचे ओमान) आणि दिलमुन (आजचे बहारीन) येथली जहाजे अक्कडच्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच अक्कडी काळातली एक दंडगोल मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे; तिच्या मालकाचे नाव शू-इलिशू आणि त्याचा हुद्दा मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या. चुकून वाहत आलेल्या एखाद्या होडीसाठी कोणी दुभाष्या ठेवत नाही आणि त्याला स्वतःची मुद्राही कोरून देत नाही. मेसोपोटेमियातल्याच उर शहरात राजघराण्याच्या दफनभूमीत कार्नेलियन या तांबूस दगडाचे लांब मणी मिळाले आहेत, ते सिंधू खोऱ्याकडच्या कारागिरीचे. उलट बाजूने लोथलला इराणच्या आखातातल्या पद्धतीची मुद्रा मिळाली आहे.

यानंतर ग्रीक-रोमन काळ येतो आणि पुरावा इतका दाट होतो की त्यातले काय घ्यावे हाच प्रश्न पडतो. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की त्याच्या काळी तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जात. त्यानेच नोंदवलेल्या हकिगतीत, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर अर्धमेल्या अवस्थेत सापडलेल्या एका भारतीय खलाशाने इजिप्तच्या दरबाराला भारताची वाट दाखवली. पहिल्या शतकातली ‘पेरिप्लस’ ही अनामिक ग्रीक पुस्तिका तर व्यापाऱ्याची कामाची वहीच आहे. ती भडोचपासून दक्षिणेला सोपारा, कल्याण, चौल अशी बंदरे सांगत येते, भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर असल्याचे नमूद करते, आणि या शहरांतला माल वाट नसलेल्या प्रदेशातून गाड्यांवर घालून भडोचला आणला जातो असेही सांगते. इजिप्तमध्ये बेरेनिके या तांबड्या समुद्रावरच्या बंदरातील मंदिराच्या आवारात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. अरबी समुद्राच्या पश्चिम टोकाच्या सोकोत्रा बेटावरच्या होक नावाच्या गुहेत खूप आत, उजेड पोचत नाही अशा ठिकाणी, कोळशाने आणि चिखलाने लिहिलेले दोनशेहून अधिक लेख सापडले. त्यांतले बहुतेक ब्राह्मी लिपीतले आहेत आणि लिहिणाऱ्यांपैकी काही जण आपण भडोचचे असल्याचे सांगतात. इटलीत पाँपेईला १९३८ मध्ये हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. हे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती त्याआधीच तिथे पोचली होती. मराठवाड्यातल्या भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य दाखवले गेले आहे.

या ठिकाणी समुद्र आणि घाट यांचे वेळापत्रक एकत्र मांडून पाहावे, कारण दोन्ही एकाच पावसाने ठरवलेले आहे. इजिप्तची जहाजे जुलैत निघत, नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेत आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता, सप्टेंबरच्या आसपास, आपल्या किनाऱ्याला लागत. आपल्याकडे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्र शांत करून होड्या पाण्यात ढकलतात, तो हाच ऋतुबदल. त्यानंतर दसऱ्यापर्यंत घाटवाटा सुकतात, बैलांना चारा भरपूर असतो, खरिपाची सुगी समोर असते आणि तांडे हलू लागतात. ईशान्येचा वारा सुरू झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत परदेशी जहाजांना परत फिरायचे असते. म्हणजे जहाज किनाऱ्याला थांबलेले असण्याचे महिने आणि घाट उघडे असण्याचे महिने जवळजवळ एकच आहेत. मजकुराने समुद्र आणि सह्याद्री अशी जी दोन कुलपे मानली आहेत ती एकाच किल्लीने, दरवर्षी, ठरल्या वेळी उघडत होती.

बंदर बंद पडण्याची एक नोंद पेरिप्लसमध्ये आहे, तीही वाचण्यासारखी आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण पुढे तिथे फार अडवणूक होऊ लागली आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे ती सांगते. खाडी होती तिथेच होती, वारा तोच होता, घाटही होते. सत्ता बदलली होती. प्राचीन काळी संपर्क तुटल्याची उदाहरणे शोधायची तर डोंगराआधी जकातनाके आणि राजांची भांडणे तपासावीत, असे माझे मत आहे.

हिमालय आणि हिंदुकुश यांच्याबाबतीत मजकूर अर्धा बरोबर आहे. हिंदुकुशच्या मुख्य धारेवरच्या कित्येक खिंडी साडेतीन हजार मीटरपेक्षा उंच आहेत आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. पण ज्या खैबरचे नाव सर्वांना ठाऊक आहे तिचा माथा सुमारे १,०७० मीटरवर आहे. आपले महाबळेश्वर त्याहून उंच आहे. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर हिंदुकुशच्या पलीकडे, अमुदर्याच्या काठी, शोर्तुगाई येथे आपली वसाहतच केली होती. तिथून ईशान्य अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणी जवळ पडतात, आणि निळ्या लाजवर्द दगडाच्या त्या काळच्या व्यापारात या खाणींना तोड नव्हती. हाच दगड मेसोपोटेमियात आणि इजिप्तमध्ये फेरोंच्या आधीच्या काळापासून पोचत होता. हलका, महाग, न नासणारा : उंच खिंडीतून जाणारा माल असाच असतो. धान्याची पोती हिंदुकुशवरून गेली नाहीत, म्हणून काहीच गेले नाही असे म्हणता येत नाही.

चीनबाबतची एक हकिगत या मुद्द्यावर फार बोलकी आहे. हान सम्राटाचा दूत चांग छ्येन इ.स.पू. १२८ च्या सुमारास आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, बॅक्ट्रियात पोचला. तिथल्या बाजारात त्याला त्याच्याच देशाच्या नैर्ऋत्य भागातले, म्हणजे आजच्या सिच्वानकडचे कापड आणि बांबूच्या काठ्या विकायला असलेल्या दिसल्या. चौकशी केल्यावर आमचे व्यापारी हे भारतातून आणतात, असे उत्तर मिळाले. सम्राटाच्या दरबाराला ज्या वाटेचा पत्ता नव्हता, त्या वाटेने काठ्या विकणारे आधीच जाऊन आले होते. राजदरबाराच्या कागदांत नोंद नाही म्हणून संपर्क नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. पुढच्या काळात सिंधूच्या वरच्या खोऱ्यात, चिलास आणि शतियाल परिसरातल्या खडकांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ब्राह्मी, खरोष्ठी आणि सोग्दियन लिपींत हजारो लेख कोरले. त्यांतले बरेचसे म्हणजे नुसती नावे आहेत. चिनी भिक्खू फाहियान इ.स. ३९९ मध्ये निघाला तो डोंगरवाटेने आला आणि समुद्रमार्गे परतला. ह्युएन त्संग सातव्या शतकात डोंगर ओलांडून आला, दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन त्याने लिहून ठेवले आणि पुन्हा डोंगर ओलांडूनच परत गेला.

इजिप्तच्या वाळवंटाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. नाईल आणि तांबडा समुद्र यांच्यामधले वाळवंट ओलांडून इजिप्तचे लोक वादी अल जर्फच्या बंदरात खुफू राजाच्या काळी, म्हणजे इ.स.पू. २६०० च्या सुमारास, जहाजे लावत होते. त्या काळच्या एका कामकरी पथकाच्या रोजनिशीचे पपायरस तिथेच मिळाले आहेत. इ.स.पू. १२१३ मध्ये मरण पावलेल्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत मिऱ्याचे दाणे आढळले. मिरी मूळची आपल्या पश्चिम घाटाची. ज्या डोंगराने आपल्याला कोंडले असे मजकूर म्हणतो, त्याच डोंगरातले दाणे ज्या वाळवंटाने इजिप्तला कोंडले असे तो म्हणतो, त्याच वाळवंटापलीकडे पोचले होते.

ताटातली भाकरी इथल्याच मातीतली, या वाक्यावर मजकुराला सर्वाधिक दाद मिळते. ते वाचून माण-खटावच्या, आटपाडीच्या किंवा जतच्या माणसाला बरे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्वारी माणसाने पहिल्यांदा लागवडीला आणली ती पूर्व सुदानच्या भागात, इ.स.पू. ३००० च्या सुमारास. बाजरीचे लागवडीचे सर्वांत जुने पुरावे पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतले, इ.स.पू. २५०० च्या आसपासचे आहेत. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. ही तिन्ही धान्ये इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात आलेली दिसतात. ती कोणत्याही सम्राटाने मागवली नव्हती. किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या छोट्या होड्यांतून, शिदोरीतून किंवा बियाण्याच्या मुठीतून ती आली असावीत. इथे आल्यावर त्यांचे काय झाले हे जास्त महत्त्वाचे आहे. आफ्रिकेत पावसावर येणारी ज्वारी आपल्या काळ्या जमिनीत, पाऊस संपल्यावर, नुसत्या ओलीवर आणि थंडीत पिकू लागली. शाळू म्हणतात तो हाच. शाळूचे कौतुक करायचे तर ते या फेरबदलाचे करावे, कारण हे काम इथल्या शेतकऱ्यांचे आहे, आणि ते करायला बी बाहेरून आल्याने काही कमीपणा येत नाही. तीळ याच्या उलट वाटेने गेला. तो दक्षिण आशियातला आणि इथून मेसोपोटेमियाकडे पोचला. सांगलीची पेठ जिच्यामुळे ओळखली जाते त्या हळदीचाही असाच माग लागला आहे : इस्राएलमधल्या मगिद्दो येथे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या मृतांच्या दातांवर साठलेल्या थरात हळदीचे अंश ओळखल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मोजक्या दातांवरचा हा पुरावा आहे आणि त्यावर फार मोठी इमारत उभारू नये, तरी मिऱ्यांच्या शेजारी ठेवला की तो एकाकी राहत नाही.

राहता राहिली अमेरिका. मजकुरातले हे सर्वांत मजबूत विधान आहे आणि त्यातला मोठा भाग मी मान्य करतो. आशिया आणि अलास्का यांना जोडणारी जमीन सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी पाण्याखाली गेल्यावर अमेरिका खंडे उरलेल्या जगापासून खरोखरच बव्हंशी तुटली. तिथली लिपी, तिथले पिरॅमिड, तिथला मका हे सारे स्वतंत्रपणे घडले. माया लोकांच्या पिरॅमिडांचा इजिप्तशी संबंध जोडणारे लिखाण निव्वळ कल्पनाविलास आहे. १५२० मध्ये मेक्सिकोत देवीची साथ इतकी भयंकर ठरली, तीही याच एकाकीपणामुळे. पण या उदाहरणावरून अरबी समुद्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अरबी समुद्राला सहा महिन्यांनी उलटणारा वारा आहे, मधली बंदरे आहेत, किनाऱ्याला धरून जाता येते आणि दोन्ही काठांना एकमेकांचा माल हवा असतो. अटलांटिकच्या मध्यात यातले काहीच नव्हते. तरीही उत्तरेकडच्या बेटा-बेटांवरून सरकत नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियाकडचे दर्यावर्दी लोक इ.स. १०२१ मध्ये न्यूफाउंडलंडला लाकूड तोडत होते, आणि पॉलिनेशियात रताळे कोलंबसाच्या आधीच पोचले होते. खुद्द अमेरिकेत मका मेक्सिकोतून दक्षिणेकडे अँडीजपर्यंत गेला, धातुकाम दक्षिणेकडून पश्चिम मेक्सिकोत आले. पण ओझे वाहणारा लामा हा प्राणी मात्र अँडीज सोडून उष्ण दमट सखल प्रदेश ओलांडून मेक्सिकोत कधी पोचला नाही. एकच भूगोल बियाण्याला आणि कारागिराला वाट देतो आणि जनावराला अडवतो. ‘बंद’ की ‘खुला’ असा एका शब्दात निकाल मागणाऱ्याला हे उत्तर गैरसोयीचे वाटेल.

हाच काटेकोरपणा उलट बाजूच्या मजकुरांनाही लावला पाहिजे, कारण तेही तितक्याच जोमाने फिरतात. कर्नाटकातल्या होयसळ मंदिरांवरच्या मूर्तींच्या हातात मक्याचे कणीस आहे, म्हणजे कोलंबसाच्या आधीच भारत-अमेरिका संपर्क होता, असे सांगणारा मजकूर सांगलीकडे मला अनेकदा आला आहे. सोमनाथपूरचे मंदिर तेराव्या शतकातले आहे आणि शिल्पातली ती वस्तू दाणेदार दिसते, इथपर्यंत ठीक. पण शिल्पातला आकार म्हणजे दाणा नव्हे. कराडच्या महिकाच्या बाबतीत माणसाचे नाव, धंदा, गाव आणि ठिकाण दगडावर आहे. बेरेनिकेच्या मिऱ्याच्या बाबतीत रांजण, मिरी आणि थराचा काळ हाती आहे. मक्याचा असा एकही दाणा, कोलंबसाच्या आधीचा असे निश्चित सांगता येईल अशा थरातून, भारतात मिळालेला नाही. तो मिळेपर्यंत हे विधानही त्या पहिल्या मजकुराइतकेच बिनआधाराचे मानावे लागेल.